शेजारी कुठवर

कारखान्याच्या नेटवर्कवर पहारा देणाऱ्या फायरवॉल-यंत्राला नुसता पत्ता देऊन भागत नाही; सोबत नेटमास्क भरून सांगावं लागतं, की बाबा रे, तुझे शेजारी इथपासून इथपर्यंत. रविवारी सकाळी उमरोळीच्या घरात बसून कारखान्याचं नेटवर्क सांभाळणाऱ्या ललितने तो भरला. शेवटच्या आकड्यात शून्याच्या जागी २५५ पडलं, आणि तारापूरच्या कारखान्यातल्या त्या यंत्राला वाटलं, जगात आपण एकटेच! कंट्रोल रूमचे सगळे स्क्रीन काळे झाले. घरून दुरुस्त करावं, तर यंत्र आता त्यालाही ओळख देईना.

"तासाभरात चालू झालं नाही, तर उद्यापासून येऊ नकोस," मॅनेजर फोनवर गरजले.

देवाचा धावा करत त्याने स्कूटर पळवली. गेटवर कार्ड टेकवलं, पुन्हा टेकवलं. दिवा हिरवा होईना. गेटचं यंत्रही त्याच फायरवॉलच्या भरवशावर!

"धर्माजीकाका, आत सोडा हो! पाया पडतो."

"कार्डाबिगर मालकाच्या भावालाबी सोडायचा नाय. हुकूम कोनाचा हाय, वाचू का सायेब?" म्हाताऱ्या पहारेकऱ्याने भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. खाली सही ललितचीच होती. महिन्यापूर्वी कार्डं आली तेव्हा काकांची येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही त्यानेच रद्दीत काढायला लावली होती. दहा मिनिटं उरली होती. ललितला तिथेच रडू फुटलं.



काकांनी कमरेची गेटची किल्ली सोडली, डब्याच्या पिशवीतून तीच वही काढून त्याच्यापुढे धरली आणि म्हणाले, "सही कर लेकरा, आनि पळ. तू रद्दीत टाकलीस, मी पिशवीत."