टाकीचं झाकण

जुना कॅमेरा विकण्याआधी मुलीने त्यात अडकलेला रोल धुऊन आणला. एका फोटोत ती आणि मोठा भाऊ अंगणात पाणी उडवत खेळत होते. भावाच्या अंगात नवा पिवळा सदरा होता. तो त्याने एकदाच घातला. त्यातच त्याचं प्रेत अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीतून काढलं. फोटोत दोघांच्या मागे टाकीचं झाकण उघडं आणि शेजारी बाबांची स्कूटर! बाबा तर त्या दिवशी सकाळपासून कामावर होते म्हणे. तापाने झोपलेल्या आईनेच झाकण उघडं टाकलं, असं सगळं घर आईला आजवर ऐकवत आलं होतं. मुलीने फोटो बाबांसमोर धरला. “पाणी मीच काढून दिलं. झाकण लावायचं राहिलं,” ते पुटपुटले. “आता कशाला उकरतेस? तिला सवय झालीय ऐकायची.” मुलीने स्वयंपाकघराकडे वळून हाक मारली, “आई, बाहेर ये. बाबांना तुझ्याशी बोलायचंय.”