डोळ्यांची रंगीत तालीम

नरेशनं पुन्हा सांगितलं, काकू, खुर्चीत बसा. अंजनाबाईनं पुन्हा पदर पुढे ओढला आणि खुर्चीशेजारी फरशीवर बसली. समोर साक्षात भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ, उभे असताना खुर्चीत कोण बसेल!

नरेशचं भिलाईच्या रिसाली भागात विमानाची तिकिटं काढून द्यायचं दुकान होतं. दुबईच्या विमानतळावर पासपोर्टाबरोबर डोळाही तपासतात, आणि वयस्कर माणसं तिथं ऐन वेळी डोळे मिटून गोंधळ घालतात, म्हणून या पठ्ठ्यानं दुकानातच सरावाचं एक मशीन लावलं होतं. डोळा नीट दिसला की हिरवा दिवा, नाही तर लाल. आधी डोळा, मग तिकीट, असा त्याचा खाक्या. भिलाईत अशी शिकवणी दुसरं कुणी घेत नव्हतं, आणि घ्यायचं काही कारणही नव्हतं.

अंजनाबाईची लेक चंदा दुबईत होती. तिचे दिवस भरत आले होते आणि रोज फोनवर ती आईसाठी रडत होती. अंजनाबाईनं डिंकाचे लाडू बांधून डबा तयारच ठेवला होता. नवरा देवाजी बरोबर जाणार होता. आणि देवाजीचे थोरले भाऊ भाऊराव, तेही जाणार होते, कारण मोठे बाबा आल्याशिवाय बाळाचं नाव ठेवणार नाही असं चंदानं बजावलं होतं. लहानपणी तिला खांद्यावर बसवून शाळेत त्यांनीच नेलं होतं. भाऊराव स्टील प्लांटमध्ये भट्टीवर फोरमन होते. रिटायर झाले, पण फोरमनकी सुटली नाही. आत्ताही मशीनच्या मागे कमरेवर हात ठेवून तेच उभे होते.

आता या घरची रीत अशी, की भासऱ्यासमोर बाईनं मान वर करायची नाही. बोलायचं तर नाहीच नाही. भाऊरावांना वाटीभर वरण हवं असलं तरी ते देवाजीला सांगत, आणि देवाजी बायकोला. देवाजी ड्यूटीवर असला की ते भिंतीला सांगत, आणि अंजनाबाई भिंतीलाच उत्तर देई. लग्न होऊन आली तेव्हापासून हेच चाललेलं. भासऱ्यांची चप्पल तिनं देवळाबाहेरच्या ढिगातूनही ओळखली असती. चेहरा मात्र लग्नाच्या फोटोत पाहिला होता तेवढाच.

शेवटी देवाजीनं दंडाला धरून तिला खुर्चीत बसवलं. तो स्वतः मघाशीच पास झाला होता, त्यामुळे जरा फुशारला होता. मशीन बाईच्या आवाजात म्हणालं, "कृपया सामने देखिए." समोर मशीन आणि मशीनमागे भाऊराव. अंजनाबाईची नजर आपसूक त्यांच्या चपलांवर गेली. लाल दिवा. पुन्हा केलं, पुन्हा लाल. काका, तुम्ही जरा बाहेर चहा घेऊन या, असं नरेशनं अदबीनं सुचवून पाहिलं. भाऊराव म्हणाले की दुबईतही मी सोबत असणारच, तिथं मले चहाले कोण पाठवणार आहे? हे काही खोटं नव्हतं, त्यामुळे नरेशनं मशीन पुन्हा चालू केलं.

तिसऱ्यांदाही लाल लागला तेव्हा भाऊरावांनी घसा खाकरला.

"देवाजी, सांग तिले. मान वर करा लागन, नाही त घरी राहा लागन."

देवाजी निरोप द्यायला वळला, पण अंजनाबाईनं तो आधीच ऐकला होता. लाडवांचा डबा डोळ्यापुढं आला, फोनवर रडणारी चंदा आली. मग मात्र तिला राग आला, कधी नव्हे इतका. जन्मभर मान खाली घालायला लावणारे हेच, आणि मान खाली आहे म्हणून घरी ठेवणारेही हेच! तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला, मान वर केली आणि मशीनच्या आरपार थेट भासऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चांगले डोळे वटारून पाहिलं.

टुं करून हिरवा दिवा लागला. नरेश खुशीत हसला. भाऊराव स्वतःच्याच चपलांकडे पाहत होते.

आता त्यांची पाळी. मले काय शिकवता, असं पुटपुटत ते खुर्चीत बसले. दुकान एवढंसं, त्यामुळे अंजनाबाईला उठून मशीनच्या मागेच उभं राहावं लागलं. मशीनचा उजेड डोळ्यांवर पडला तसे भाऊरावांनी डोळे गच्च मिटले. लाल. भट्टीपुढं राहून राहून सवय झाली आहे, उजेड आला की डोळे मिटतात, असं त्यांनी देवाजीला सांगितलं. नरेशनं उजेड कमी केला. तरी लाल. "कृपया सामने देखिए," मशीन म्हणत राहिलं, आणि भाऊरावांची नजर काही फरशीवरून उठेना. हे भट्टीच्या सवयीनं होतं की मघाच्या त्या नजरेनं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. एवढा धिप्पाड माणूस, पण शाळेत फळ्यापुढं उभ्या केलेल्या पोरासारखा दिसत होता. अंजनाबाईला एकदम त्यांची दया आली. हे नाही आले तर चंदा बाळाचं नाव ठेवायची नाही, हेही तिच्या मनात आलं.

तिनं तोंड उघडलं तसा देवाजीनं सवयीनं कान पुढं केला. तिनं त्याला हातानं बाजूला सारलं. भासऱ्यांना काय म्हणून हाक मारायची, हे आजवर ठरवायची वेळच आली नव्हती. ते तिनं उभ्या उभ्या ठरवलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "मान वर करा लागन. नाही त घरी राहा लागन."