सहा पॉइंट्स

शनिवारी सकाळी कॅनडातल्या किचनर शहरात, घराच्या बेसमेंटमध्ये टीव्हीवर फुटबॉलची मॅच रंगली होती, पण निनाद एका जागी बसेना. कमाईपेक्षा जास्त खर्च केला म्हणून त्याच्या लाडक्या छोट्या इंग्लिश क्लबचे लीगने सहा पॉइंट्स कापले होते.

"मोठे क्लब शंभर वर्षं कमावत आलेत. त्यांना आणि आम्हाला एकच नियम? मागे राहिलेल्यांनी वर यायचंच नाही का?"

गुणवंतने चहाचा कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. कॉलेजात असताना हॉस्टेलच्या खोलीत त्याच्या राखीव कोट्यातल्या सीटवरून दोघांचे चार वर्षं वाद झाले होते. तेव्हा "नियम सगळ्यांना एकच हवा" असं निनादच म्हणायचा.

"बोल ना, चुकतंय का माझं?"

"नाही," गुणवंत म्हणाला. "फक्त त्या वेळी ही वाक्यं माझी होती."