दुसरी सुई

दिवसभर काम करून जड झालेल्या हातातून गुंगीतला मासा सटकला आणि लशीची सुई हातमोजा भेदून गुन्वोरच्या अंगठ्यात घुसली. तिने पुढचा सॅल्मन मासा उचलला, त्याच्या पोटात लस टोचली आणि टाकीत सोडला.

टेबलापलीकडे तिच्या सहकारी मैत्रिणीचे, सोलब्यॉर्गचे, हात थांबले. "टोचलं ना?"

"खरचटलंय. तू मासे बघ."

फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमधल्या खोल खाडीच्या, काठावरच्या या मत्स्यपालनाच्या शेडमध्ये दर वसंतात शाळेची मुलं बघायला येत. गुन्वोर त्यांना समजावून सांगे, "मासा जागा झाला की सुई विसरतो, पण त्याचं अंग विसरत नाही. रोग आला की अंग त्याला ओळखतं आणि त्याच्यावर तुटून पडतं. म्हणून मासा जगतो."

गेल्या वर्षीही हीच सुई तिला टोचली होती. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "आता तुमचं अंगही या लशीला ओळखतं. पुन्हा टोचलं तर असं तुटून पडेल की श्वास अडकेल. लगेच या. आणि त्यानंतर हे काम कायमचं बंद."

"गुन्वोर, ओठ सुजलाय तुझा."

"थंडीने." एवढं बोलतानाही तिला धाप लागली. "उद्यापासून मला त्या रिकाम्या घरात बसून राहावं लागेल. कळतंय ना तुला?"

"कळतंय." सोलब्यॉर्गने मासे आणणारा सरकता पट्टा बंद केला, तिला खाली टेकवलं आणि रुग्णवाहिकेला फोन लावला. "बसायला तू असशील, मला तेवढं पुरे."