खलाचा आवाज

आमच्या लेकीला, नुहैलाला, आपल्या मुलासाठी मागणी घालायला बतूलबाई येणार होत्या. मिक्सरमधलं बदामाचं दूध त्या म्हणे वासावरून ओळखतात आणि पेला तसाच खाली ठेवतात, अशी त्यांची अख्ख्या मेकनेस शहरात ख्याती! आणि मी शहाणी हमामात, गावच्या न्हाणीघरात, बायकांना सांगत सुटलेले, "आमच्याकडे अजून पितळी खलातच कुटतात हो!" खरं सांगायचं तर आमचा खल दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून ठेवलेला असतो.

सकाळीच बदाम सोलून मिक्सरमधून काढले, मलमलीतून गाळले आणि वर संत्र्याच्या फुलांचं पाणी जरा सढळ हातानंच घातलं. पाहुणे बैठकीत टेकल्यावर नवऱ्याला स्वयंपाकघरात खलापुढे बसवलं.

"आत काहीच नाही की गं!" द्रिस म्हणाले.

"तुम्ही नुसतं कुटा. आणि जरा जोरात, बाहेर ऐकू जायला हवं."

ठण, ठण, ठण! मी बाहेर येऊन कपाळावरचा नसलेला घाम पुसला. "काय करणार, हातानं कुटल्याशिवाय चवच येत नाही." थोड्या वेळानं द्रिस खरोखरच घामाघूम होऊन पेले घेऊन आले. नुहैला माझ्याकडे बघेना.

बतूलबाईंनी पेला हुंगला. माझा जीव टांगणीला. मग त्यांनी तो एका दमात रिकामा केला आणि माझ्या कानाशी वाकल्या.

"विहीणबाई, रिकामा खल फार ठणठणतो. आमचे हे कुटायला बसले, की मी आत मूठभर बदामाची सालं टाकते."