एकतर्फी निकाल

सव्वीस वर्षं वेन्डेलचा संसार ओढून डार्लीन विटली आणि एका सोमवारी सरळ काउंटी कोर्टात घटस्फोटाचा अर्ज द्यायला गेली. खिडकीपलीकडच्या कारकून बाईंनी तिचं नाव संगणकात घातलं आणि कपाळाला आठ्या घालून त्या पडद्याकडे बघतच राहिल्या.

"बाई, तुमचा घटस्फोट होऊन दोन वर्षं झालीत की!"

"काहीतरीच काय! अहो, आज सकाळी त्याला अंडी आणि बेकन तळून देऊन आलेय मी."

त्यांनी जुनी फाईल काढून तिच्यापुढे सरकवली. अर्ज वेन्डेलचा होता. बायको हजर राहिली नाही म्हणून निकाल एकतर्फी लागला होता आणि घरही त्यालाच मिळालं होतं. डार्लीननं तो निकाल पुन्हा एकदा वाचला. ही दोन वर्षं ती त्याचे कुबट मोजे धूत होती, त्याच्याच अंथरुणात निजत होती.

"पण मला साधी नोटीससुद्धा कशी आली नाही?"

कारकून बाईंनी तिची नजर टाळत वेन्डेलच्या प्रतिज्ञापत्रावर बोट ठेवलं.



'पुष्कळ शोध घेतला, पण माझी बायको सध्या कुठे राहते ते कळू शकलं नाही.'