ठकीचा ऐवज

ठकी घरात आल्यापासून दर रविवारी सुनेला टॉर्च घेऊन सोफ्यासमोर पालथं पडावं लागायचं. ठकी म्हणजे मुंगसाच्या चणीची फेरेट, दिसेल ते लपवणारी. सोफ्याखालचा ऐवज ज्याचा त्याला परत करायचा, पण एक मोजा तिच्यासाठी ठेवायचा, नाहीतर ती नवी जागा शोधणार. आज कुत्र्याचा चेंडू निघाला, मांजरीचा पट्टा निघाला आणि सासऱ्यांचा रुमाल निघाला. रुमालात त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या. "ठकीनेच पळवल्या," असं ते आठवडाभर सांगत होते. परवा चक्कर येऊन पडता पडता वाचले. रुमालाला घट्ट दुहेरी गाठ होती. खुर्चीतल्या सासऱ्यांचं वर्तमानपत्र हळूच वर सरकलं. सुनेने ठकीला उचलून मोठ्याने विचारलं, "काय गं, आता गाठीही मारायला लागलीस? इथे आमचा जीव टांगणीला!" वर्तमानपत्राआडून आवाज आला, "तिला नको रागावूस. गाठ सोड, पाणी दे."